कागदाच्या चकतीभोवतीचं वर्तुळ

खरचटलं की हळद दाबायची, दाढ ठणकली की लवंग धरायची, घरात कांजिण्या आल्या की खोलीत कडुनिंबाचे डहाळे ठेवायचे. मराठी घरांत या गोष्टी कुणी शिकवत नाही, त्या पाहून पाहून येतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: त्यात जंतू मारायचा गुण असतो. मग एखादं चौकस मूल विचारतं, "पण जंतू तर दिसतच नाहीत. ते मेले, हे कुणी पाहिलं?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर खरोखर डोळ्यांनी पाहता येतं. त्यासाठी लागतात एक काचेची थाळी, एक कागदाची चकती आणि एक रात्र. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजांत हा प्रयोग विद्यार्थी वर्षानुवर्षं करत आले आहेत. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीत जे दिसतं, त्याचा अर्थ लावताना भले भले घसरतात. या प्रकरणात एकच वनस्पती हाताशी धरून ही वाट पायरीपायरीने चालू. ती वनस्पती म्हणजे दारुहळद.

एक खुलासा सुरुवातीलाच हवा. कांजिण्या विषाणूंमुळे होतात आणि गळवातला पू बहुतेक वेळा जिवाणूंमुळे. 'जंतू' या एका शब्दात आपण दोघांनाही बसवतो, पण त्यांच्या चाचण्या वेगळ्या असतात. इथे विषय फक्त जिवाणूंचा आहे.

१. पुडीत नेमकं काय आहे?

काष्ठौषधींच्या दुकानात दारुहळद मागितली की पिवळ्या लाकडाचे तुकडे पुडीत बांधून मिळतात. स्वयंपाकातल्या हळदीशी त्यांचं नातं रंगापुरतं आणि नावापुरतं. हळद आल्याच्या कुळातली, तिचा कंद जमिनीत वाढतो. दारुहळद हे हिमालयात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचं खोड आणि मूळ. संस्कृतात 'दारु' म्हणजे लाकूड. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, तर दारुहळदीचा बर्बेरिन नावाच्या वेगळ्याच रसायनाचा. झुडपाचं शास्त्रीय नाव बर्बेरिस अरिस्टाटा.

पण पुडीत तेच झुडूप असेल याची खात्री काय? दक्षिण भारतात दारुहळदीच्या नावाखाली कॉसिनियम फेनेस्ट्रॅटम या एका वेलीचं खोडही वापरलं जातं. तेही पिवळंच आणि त्यातही बर्बेरिन असतं, पण बाकीची रसायनं वेगळी. ब्राह्मीचं तेच. काही ठिकाणी बॅकोपा मोनिएरीला ब्राह्मी म्हणतात, काही ठिकाणी सेंटेला एशियाटिकाला. दोघींची कुळंसुद्धा निराळी.

म्हणून जाणता संशोधक पहिल्यांदा झाडाची ओळख पक्की करतो. पानाफुलांसह फांदी दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवतात आणि तिला क्रमांक देऊन वनस्पतिसंग्रहात ठेवतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे आणि आघारकर संशोधन संस्थेत असे संग्रह आहेत. निकालाबद्दल पुढे कधी शंका आली, तर तो कागद काढून झाड पुन्हा तपासता येतं. हा क्रमांक नसेल, तर 'दारुहळदीने जंतू मारले' या वाक्यातल्या पहिल्याच शब्दाला आधार उरत नाही.

२. गुण बाहेर काढायचा कसा?

लाकडाचा तुकडा जिवाणूंवर ठेवून काही साधत नाही. आतली रसायनं आधी द्रवात उतरवावी लागतात. आयुर्वेदाने याच्या पाच रीती सांगितल्या आहेत: पिळून काढलेला स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून केलेला काढा, गार पाण्यात रात्रभर भिजवलेला हिम आणि गरम पाणी ओतून चहासारखा केलेला फांट. प्रत्येक रीतीत झाडातून वेगळं काहीतरी उतरतं. आजची प्रयोगशाळा हेच तत्त्व पाळते, फक्त पाण्याच्या जोडीला आणखी द्रावक घेते.

कारण सगळं पाण्यात उतरत नाही. हळदीचा डाग साध्या पाण्याने धुऊन जात नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अल्कोहोलमध्ये मात्र ते सहज उतरतं. म्हणून हळदीचा काढा तपासून 'गुण नाही' म्हणणं घाईचं ठरेल. कदाचित गुण भांड्याच्या तळाशी गाळातच राहिला असेल.

उष्णतेचंही असंच. लसणाची अख्खी पाकळी फारशी उग्र नसते. ठेचली की वास सुटतो. पाकळीत अ‍ॅलिइन हे रसायन आणि अ‍ॅलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचल्यावर ते भेटतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. जिवाणूंना रोखतं ते हे अ‍ॅलिसिन. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते १९४४ मध्ये वेगळं करून दाखवलं. पाकळी न ठेचता उकळली, तर विकर आधीच निकामी होतं आणि अ‍ॅलिसिन तयारच होत नाही. चीनमध्ये तू यूयू यांनी मलेरियावरच्या वनस्पतीचा शोध घेताना हीच अडचण ओळखली. जुन्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नव्हे. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि अर्क प्रभावी निघाला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ चं नोबेल पारितोषिकही.

दारुहळदीचं लाकूड सावलीत वाळवून कुटतात. ती भरड अल्कोहोलमध्ये भिजवतात, किंवा सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात घालतात. त्यात द्रावकाची वाफ वर जाते, थंड होऊन भरडीवर ठिबकते आणि अर्क घेऊन पुन्हा खाली येते. हे तासन्‌तास चालतं. शेवटी द्रावक उडवून लावला की तळाशी गडद, चिकट अर्क उरतो. समजा, ५० ग्रॅम भुकटीतून ५ ग्रॅम अर्क मिळाला. हे प्रमाण वहीत टिपून ठेवायचं, पुढे त्याचा हिशेब लागणार आहे.

३. जिवाणूंचा वाफा

आता जिवाणू हवेत आणि तेही ओळखीचे. त्यांच्या जपून ठेवलेल्या पेढ्या असतात: चंडीगडला एमटीसीसी, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम. तिथून ठरावीक क्रमांकाचा जिवाणू मागवता येतो. त्यामुळे पुण्यातला आणि पॅरिसमधला प्रयोग शेजारी ठेवून पाहता येतो. साधारणपणे दोन तरी घेतात: गळवं-पुळ्यांमागचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि आतड्यातला ई. कोलाय.

हे दोघं मुद्दाम वेगळ्या घराण्यांतले असतात. १८८४ मध्ये डेन्मार्कचे हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी जिवाणू रंगवण्याची एक पद्धत काढली. काही जिवाणू तो जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्राम-पॉझिटिव्ह. काही सोडतात, ते ग्राम-निगेटिव्ह. स्टॅफिलोकॉकस पहिल्या गटात, ई. कोलाय दुसऱ्या. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना भिंतीबाहेर आणखी एक पडदा असतो. घराला भिंत आहेच, वर तारेचं कुंपणही. म्हणून वनस्पतींचे बरेच अर्क पहिल्या गटावर चालतात आणि दुसऱ्यापाशी अडतात. एकाच जिवाणूवर तपासून 'जंतुनाशक' असा शिक्का मारणं म्हणूनच चुकीचं.

जिवाणू वाढवायचे कशावर? रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटिन वापरत. ते उबेत पातळ होई आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकत. तिथे काम करणारे वाल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी १८८१ मध्ये स्वयंपाकघरातला उपाय सुचवला: अगर. उन्हाळ्यातही घट्ट राहणारी जेली त्या त्यातून करत. आपल्याकडे वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास ते हेच, समुद्रातल्या शेवाळापासून केलेलं. ते सुमारे ८५ अंशांवर वितळतं आणि ४० अंशांच्या खाली आल्याशिवाय गोठत नाही. शरीराइतक्या उबेत ते घट्टच राहतं.

या चाचणीसाठीचं ठरलेलं खाद्य म्हणजे म्युलर-हिंटन अगर. १९४१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात जॉन म्युलर आणि जेन हिंटन यांनी ते तयार केलं. थाळीत ते ४ मिलिमीटर जाडीचं ओततात. जाडी का मोजायची? थर जाड झाला तर अर्क खालीही उतरतो आणि बाजूला कमी पसरतो. वर्तुळ लहान दिसतं.

पेरणीलाही माप आहे. वाफ्यात मेथी विरळ पडली तर जागोजाग माती दिसते. तसंच जिवाणू विरळ पेरले तर वर्तुळ उगाच मोठं येतं. म्हणून जिवाणूंचं पाणी किती गढूळ हवं ते ठरलेलं आहे. १९०७ मध्ये मॅकफार्लंड यांनी बेरियम सल्फेटच्या पांढुरक्या द्रावणाच्या नळ्या मापासाठी आणल्या. काळ्या रेघा आखलेलं कार्ड मागे धरायचं, एका हातात ती नळी, दुसऱ्यात जिवाणूंची. दोन्हींतून रेघा सारख्याच पुसट दिसल्या, की अर्ध्या मॅकफार्लंडच्या मापाला एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५ कोटी जिवाणू आहेत असं धरतात. मग कापसाचा बोळा त्यात बुडवून थाळीभर फिरवतात. थाळी थोडी वळवून पुन्हा, आणखी वळवून पुन्हा. असा तीन दिशांनी वाफा एकसारखा पेरला जातो.

४. सकाळी काय दिसतं?

पेरलेल्या थाळीवर ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या चिमट्याने ठेवतात आणि त्यांत अर्क जिरवलेला असतो. काही जण अगरला छोटी विहीर पाडून तिच्यात अर्क भरतात. थाळी उलटी करून ३५ अंशांच्या उबेत १६ ते १८ तास ठेवतात.

रात्रभरात दोन गोष्टींची शर्यत चालते. ओल्या कापडावर शाईचा थेंब पसरावा, तसा अर्क चकतीतून अगरमध्ये पसरत जातो आणि दूर जाता जाता फिका होतो. इकडे जिवाणू वाढत असतात. अर्क जिथे पुरेसा कडक आहे तिथे ते वाढू शकत नाहीत. सकाळी थाळीवर दुधट साय धरलेली दिसते आणि चकतीभोवती स्वच्छ गोल. प्रयोगशाळेत त्याला नुसतं 'झोन' म्हणतात. जिवाणू दिसत नाहीत म्हणणाऱ्या मुलाला दाखवावं असं दृश्य हेच.

दारुहळदीच्या बाबतीत इथे डोळे फसू शकतात. बर्बेरिन स्वतःच पिवळं असल्यामुळे चकतीभोवती पिवळं कडं पसरतं. ते रंगाचं कडं आहे, झोन नव्हे. त्याच्या आत दुधट साय असू शकते. म्हणून थाळी काळ्या पृष्ठभागावर धरून, उजेड तिरका पाडून, रंग सोडून वाढीची कडा कुठे थांबते ते पाहायचं आणि पट्टीने आरपार मोजायचं.

मोजमापात चकतीही येते, हे विसरू नये. समजा, निकाल ७ मिलिमीटर आला. त्यातले ६ चकतीचे. राहिला १, तोही दोन बाजूंना वाटलेला. म्हणजे अर्क कडेपासून अर्धा मिलिमीटरच पोहोचला.

५. साक्षीदार चकत्या

एकट्या अर्काच्या चकतीवरून काहीच सिद्ध होत नाही. तिच्या शेजारी आणखी दोन लागतात.

पहिलीत फक्त द्रावक असतो. अल्कोहोल स्वतःच जिवाणू मारतं, सॅनिटायझरमध्ये ते त्यासाठीच असतं. चकतीत ते उरलं असेल, तर गोल त्याचाच असेल आणि श्रेय दारुहळदीला जाईल. दुसरीत ओळखीचं प्रतिजैविक असतं, उदाहरणार्थ १० मायक्रोग्रॅम जेन्टामायसिन. तिचा गोल नेहमीइतका आला नाही, तर पेरणीत, खाद्यात किंवा उबेत चूक झाली आणि त्या दिवशीची सगळी थाळी बाद.

आता एक हिशेब. जेन्टामायसिनच्या चकतीभोवती समजा २० मिलिमीटरचा गोल आला आणि अर्काच्या चकतीभोवती १४ चा. 'अर्क प्रतिजैविकाच्या ७० टक्के प्रभावी' असं लिहिण्याचा मोह होतो. पण चकतीत होतं किती? एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अर्क असलेल्या द्रावणाचे २० मायक्रोलिटर म्हणजे २ मिलिग्रॅम, म्हणजेच २,००० मायक्रोग्रॅम. समोर प्रतिजैविक १० मायक्रोग्रॅम. दोनशेपट माल घालूनही गोल लहानच राहिला.

उलट अन्यायही होतो. तेलकट अर्क पाणीदार अगरमध्ये नीट पसरत नाहीत. ओव्यातला थायमॉल किंवा लवंगेतला युजेनॉल यांसारखी सुगंधी द्रव्यं रात्रीत उडूनही जातात. त्यांचा गोल लहान आला म्हणजे ती कमजोर, असं ठरत नाही. शिवाय आंबट अर्काचा गोल निव्वळ आम्लाचा असू शकतो. हिरड्यासारख्या तुरट फळातली टॅनिनं तर समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, जिवाणूंचं असो की आपलं. गोलाची रुंदी हा गुणवत्तेचा क्रमांक धरता येत नाही. या अर्काकडे आणखी पाहावं का, एवढंच ती सांगते.

६. किती कमी पुरतं?

खरा कस लागतो पुढच्या पायरीवर. एमआयसी, म्हणजे वाढ रोखण्याइतकी किमान मात्रा, शोधायची.

यासाठी तळहातापेक्षा जरा मोठी प्लास्टिकची थाळी असते, तिच्यात ८ ओळींत १२ असे ९६ खळगे. सरबत अर्धं ओतून तेवढंच पाणी भरत जावं, तसा अर्क दर खळग्याला निम्मा करत नेतात: एका मिलिलिटरमध्ये २,००० मायक्रोग्रॅम, मग १,०००, ५००, २५०, १२५. सगळ्यांत सारखेच जिवाणू. पारदर्शक अर्क असेल तर खळगा गढूळ झाला की नाही हे पाहून चालतं. दारुहळदीच्या पिवळ्या पाण्यात गढूळपणा लपतो, म्हणून रेझाझुरिन हा निळा रंग घालतात. जिवंत जिवाणू त्याचा गुलाबी करतात. २५० चा खळगा निळा आणि १२५ चा गुलाबी आला, तर एमआयसी २५०.

निळा म्हणजे मेलेच असंही नाही. फ्रीजमधल्या दुधात जिवाणू जवळजवळ थांबलेले असतात. दूध बाहेर ठेवलं की पुन्हा कामाला लागतात. म्हणून निळ्या खळग्यातला थेंब ताज्या अगरवर पसरून पाहतात. हजारात ९९९ मेले असतील, तर ती मात्रा 'मारक' ठरते. रोखणं आणि मारणं यांतला हा फरक जाहिरातीत सहसा दिसत नाही.

७. थाळीतून शरीरात

कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर या क्षेत्रातले जाणकार कान टवकारतात. १,००० च्या पुढे गेली तर फारशी आशा धरत नाहीत. कारण साध्या गुणाकारात आहे.

समजा, एका अर्काची एमआयसी मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं. ५,००० मिलिलिटर गुणिले ५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅम अर्क एका वेळी रक्तात हवा. आता वहीतला आकडा काढू: ५० ग्रॅम भुकटीतून ५ ग्रॅम अर्क. म्हणजे पाव किलो लाकूड आणि तेही पोटातून पूर्ण रक्तात उतरलं असं धरून. बर्बेरिन तर पोटातून रक्तात फारच थोडं जातं.

मात्रा जमली तरी शरीराच्या पेशींचं काय? रेने द्युबो यांनी १९३९ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून टायरोथ्रिसिन मिळवलं. जिवाणूंवर ते जोरदार चाले, पण रक्तात गेल्यावर तांबड्या पेशीही फोडी. त्याचा उपयोग वरून लावण्यापुरताच राहिला. पेनिसिलिनची गोष्ट वेगळी झाली. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डला आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले आणि त्यांतल्या चारांना पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवशी ते चारच जिवंत होते. थाळीतल्या गोलाला शरीराने असा दुजोरा दिला, तेव्हा कुठे औषधाची वाट उघडली.

त्वचेवर, डोळ्यात, तोंडात किंवा आतड्यात काम असेल तर रक्ताचा हिशेब लागू होत नाही. तिथे अर्क थेट जागेवर पोहोचतो. दारुहळदीच्या काढ्यापासून केलेलं रसांजन आपल्याकडे डोळ्यांसाठी वापरत आले. १९८७ मध्ये बांगलादेशातल्या रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ई. कोलायच्या एका विषारी प्रकाराने झालेले जुलाब बर्बेरिनने कमी झाले होते. त्यामागे जिवाणू मारण्यापेक्षा आतड्यातून पाणी झरणं रोखण्याचा भाग अधिक असावा, असं मानलं जातं. झाडाचा उपयोग झाला, पण थाळी जे विचारत होती त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

८. पाणी उपसणारा जिवाणू

शुद्ध बर्बेरिन स्टॅफिलोकॉकसवर अपेक्षेपेक्षा दुबळं ठरतं. मग झुडपाने इतकं बर्बेरिन साठवलंच का?

२००० साली अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. स्टॅफिलोकॉकसच्या पडद्यात नॉर-ए नावाचा पंप असतो. भोक पडलेल्या होडीत बसलेला माणूस पाणी उपसत राहतो, तसा हा पंप आत शिरलेलं बर्बेरिन बाहेर फेकत राहतो. दारुहळदीच्या जातभाई झुडपांत त्यांना आणखी एक द्रव्य सापडलं, ५-प्राइम-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन. ते एकटं जिवाणूला काहीच करत नाही. त्याच्या चकतीभोवती झोन येत नाही. पण ते पंप बंद पाडतं आणि मग तेच बर्बेरिन जिवाणूला भारी पडतं.

फक्त गोल पाहून निवड करणाऱ्याने हे द्रव्य पहिल्याच दिवशी टाकून दिलं असतं. अर्कातून 'कामाचं' एकच रसायन वेगळं काढताना कधी कधी जोर का ओसरतो, हेही यातून कळलं. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू असे पंप वापरतात, त्यामुळे त्यांना थोपवणारी द्रव्यं वनस्पतींत शोधण्याचं काम आज अनेक ठिकाणी चालू आहे.

त्याची मांडणी त्याच ९६ खळग्यांत होते. डावीकडून उजवीकडे बर्बेरिन निम्मं निम्मं होत जातं, वरून खाली जोडीदार द्रव्य. जिवाणू सगळीकडे सारखे. थाळी रात्रभर उबेत राहते आणि सकाळी तिच्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे निळे-गुलाबी ठिपके उमटलेले असतात. दोघं आपापलं काम करत असतील तर निळा भाग कडांपाशीच थांबतो. त्यांची खरंच जोडी जमली असेल, तर दोघांचीही मात्रा अगदी थोडी असलेल्या खळग्यांपर्यंत निळा रंग उतरलेला दिसतो. ते खळगे मोजून वहीत मांडले जातात आणि थाळी १२१ अंशांच्या वाफेत पंधरा मिनिटं ठेवून निर्जंतुक केली जाते. मग तोच प्रयोग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मांडायला घेतात.